मोफत सल्ल्याची जागा कशी तयार झाली



गटाची बैठक संपते. हप्ते गोळा होतात, वहीत सह्या-अंगठे होतात, आणि तरीही एकदोघी जणी उठत नाहीत. चप्पल शोधायच्या निमित्ताने दारात रेंगाळतात. हे रेंगाळणं आता आम्हाला ओळखू येतं. घरात मारहाण चालू असते, किंवा न विचारता दागिना गहाण पडलेला असतो, किंवा नवऱ्याने दुसरा संसार मांडलेला असतो. सगळ्या गेल्या की हळूच प्रश्न येतो, "ताई, हे कोणाला विचारायचं?"

आज या प्रश्नाचाच इतिहास सांगायचा आहे. अडचणीतल्या बाईने जाऊन विचारावं, तिच्याकडून पैसे घेऊ नयेत आणि तिला दोषही देऊ नये, अशी जागा आपल्याकडे आयती नव्हती. ती कोणीतरी तयार केली.

पार मागे गेलं तर पुण्यात १८६३ साल लागतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तेव्हा बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांना दोनच वाटा असायच्या, विहीर नाहीतर मूल मारणं. फुल्यांनी सांगितलं की इथे गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. अशाच आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत पुढे त्यांनी दत्तक घेतला. आम्हाला यात आसऱ्यापेक्षाही 'तुमच्या मर्जीवर' हे जास्त मोलाचं वाटतं. दीडशे वर्षांनंतरही ते सहज ऐकायला मिळत नाही.

नंतर १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे बायकांना शिक्षण मिळालं, पायावर उभं राहता आलं. ती मोठीच गोष्ट. पण नांदत्या घरात, चार भिंतींच्या आत जो छळ होतो, त्याबद्दल बोलायला जागा व्हायला आणखी बरीच वर्षं जायची होती.

जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खालच्या न्यायालयाने पतीला फाशी सुनावली होती, उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा निःसंशय सिद्ध होत नाही म्हणून त्यांची मुक्तता केली. त्या निकालावर आम्ही बोलणार नाही. पण त्या खटल्यात मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांची बरीच चर्चा झाली. मनातलं दुःख तिने कागदावर उतरवलं होतं. शिकलेली मुलगी, पुण्यासारखं शहर, जवळची माणसं, आणि तरी तिच्या हाताशी पत्रच होतं.

हे पुण्यातल्या बायकांना फार लागलं. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच स्थापन केला. 'मी एक मंजुश्री' नावाचं प्रदर्शन केलं आणि ते गावोगावी नेलं. प्रदर्शन बघायला बायका आल्या आणि बघून झाल्यावर आपलंच सांगायला लागल्या. आमच्या बैठकीत चप्पल शोधत थांबतात ना, अगदी तशाच. प्रदर्शन एक दिवस उठणार, मग या बायकांनी सांगायचं कुठे? त्यातून 'बोलते व्हा' केंद्र सुरू झालं. बाईने यावं, बोलावं, पलीकडच्या कार्यकर्तीने नीट ऐकावं, आणि काय काय करता येईल ते सांगावं.

नावाकडेही जरा बघा. 'बोलत्या व्हा' असं म्हटलेलं नाही, 'बोलते व्हा' म्हटलंय. सगळ्यांनाच ते आमंत्रण आहे. याच मंचाने २००८ मध्ये पुरुष संवाद केंद्रही सुरू केलं. तेव्हा काहींनी नाकं मुरडली असतील, पण घरातला एकच माणूस बोलून घर कितीसं बदलणार?

मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या आवारात, पण टेबलामागे समाजकार्यकर्ती. पुढे असे कक्ष राज्यभर झाले.

कायदेही याच काळात आले. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा गुन्हा ठरवणारं कलम १९८३ चं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला १९९५ मध्ये. त्यात मोफत वकील मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही. हे पुन्हा सांगतो, कारण आमच्या गटांत निम्म्या जणींना वाटतं की पिवळं रेशनकार्ड लागतं. लागत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००६ पासून लागू आहे. घर बाईच्या नावावर नसलं तरी तिला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, असं त्यात आहे.

आता आमची एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी एक सदस्य अशीच मागे थांबली. गालावर वळ होता. आम्ही तिला म्हणालो, "जरा सांभाळून घे, पोरांकडे बघ." सल्ला फुकटच होता. ती पुढे बैठकीला आली नाही. तीन महिने तिचा मुलगा हप्ता आणून द्यायचा, मग तोही थांबला. वहीतला तिचा रकाना अजून कोराच आहे. त्यानंतर आम्ही ठरवलं की 'सांभाळून घे' म्हणायचं नाही. आधी ऐकायचं, मग कुठे जाता येतं ते सांगायचं, आणि एकटीला पाठवायचं नाही.

मागच्या वर्षी दुसरी एक जण थांबली. पोटगीचा अर्ज करून देतो म्हणून एकाने तिच्याकडे तीन हजार मागितले होते, आणि ती गटाचं कर्ज काढायला आली होती. आम्ही कर्ज दिलं नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे तिला घेऊन गेलो. तिला लिहिता येत नाही. तिने तोंडी सांगितलं, तिथल्या वकीलबाईंनी अर्ज लिहून घेतला आणि तिला वाचून दाखवला. मधेच एका ठिकाणी ती त्यांना थांबवून म्हणाली, "हे असं नाही झालं, मी सांगते." बाईंनी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

ज्यांना तालुक्याला जाणं जमत नाही, त्यांनी १५१०० हा क्रमांक लावावा. कॉलला पैसे पडत नाहीत.