‘हे खरंच असं घडलं का?’

ग्रंथालयात पुस्तक बदलायला आलेला वाचक जुने पुस्तक टेबलावर ठेवता ठेवता निकाल देऊन टाकतो. ‘एका बैठकीत संपवली’, ‘फार रंगवून लिहिलंय’, ‘शेवट काही पटला नाही’. हा अभिप्राय कुठे छापून येत नाही, पण पुढच्या चार वाचकांनी त्या कादंबरीसाठी नंबर लावायचा की नाही, ते त्यावरच ठरते. शिरूर आणि दौंड तालुक्यांत या निकालाला बहुतेक वेळा एक प्रश्न जोडलेला असतो: ‘हे खरंच असं घडलं का?’

साहित्याचे अभ्यासक या प्रश्नाला भाबडा म्हणतात. कादंबरी म्हणजे कल्पित, तिच्याकडे पुरावा मागायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे. पण मराठी कादंबरीने हाताळलेले कितीतरी विषय ज्या मातीत प्रत्यक्ष घडले, त्याच मातीतला वाचक हा प्रश्न विचारतो, तेव्हा तो भाबडा राहत नाही.

सुरुवातीच्या बहुतेक कादंबऱ्यांनी हा प्रश्न विचारायला जागाच ठेवली नव्हती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ने 1861 मध्ये अद्भुतरम्य कथांची वाट रुंद केली. तिच्यामागून आलेल्या राजपुत्र-राजकन्यांच्या गोष्टींना ओळखीचा गाव नव्हता, ओळखीचा काळही नव्हता. त्याआधी, 1857 मध्ये, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांचे हाल मांडले होते, ती वाट मात्र बरीच वर्षे ओस राहिली. ग्रंथालये तेव्हा मोजकीच. अहमदनगरचे 1838 मधले, पुण्याचे 1848 मधले.  

पुढे 1890 मध्ये हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. यमू नावाची ब्राह्मण मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली हकिगत सांगते: सासर, शिक्षण, वैधव्य आणि शेवटी जबरदस्तीचे केशवपन. क्रमशः येणाऱ्या कादंबरीने वाचकाला एक नवी सवय लावली. पुढचा अंक येईपर्यंत पात्रांचे काय होईल, लेखक त्यांच्याशी बरे वागतो आहे की नाही, यावर बोलायला मधे सवड मिळू लागली.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी आपले ‘शारदा सदन’ मुंबईहून पुण्याला आणले. विधवांसाठीच्या या शाळेवरून पुण्यात मोठा गदारोळ झाला. पुढे 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणल्या आणि दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी ‘मुक्ती सदन’ उभे केले. आपट्यांची यमू कागदावरची. तिच्यासारख्या शेकडो मुली मात्र केडगावात शिकत होत्या, छापखान्यात काम करत होत्या, शेत पिकवत होत्या. 1922 मध्ये रमाबाई केडगावातच वारल्या. ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचून कुणी ‘असं खरंच होत होतं का?’ म्हणून विचारले, तर त्याचे उत्तर दौंड तालुक्यात आजही उभे आहे.

शिरूरच्या वाट्याला ऐतिहासिक कादंबरी आली. तिचा आरंभ रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे 1871 पासून धरतात. आपट्यांनी ‘उषःकाल’ने तिला लोकप्रिय केले. पण घराघरांत ती खऱ्या अर्थाने पोहोचली 1962 मध्ये, रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने. माधवराव पेशव्यांचा 1772 मधला अंत थेऊरला झाला, आणि पुण्याहून दौंडकडे निघालेल्या माणसाच्या वाटेला थेऊर जवळच आहे. दहा वर्षांनी ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आली. बाजीराव-मस्तानीच्या या कथेतली मस्तानी 1740 मध्ये, बाजीरावाच्या मृत्यूनंतर लवकरच गेली. तिची कबर पाबळला आहे, शिरूर तालुक्यात. पाबळ, केंदूर आणि लोणी ही तिला दिलेली गावे.

1979 मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली. संभाजीराजांना पकडून औरंगजेबापुढे उभे केले ते बहादूरगडावर, म्हणजे पेडगावला. दौंड तालुक्यातून भीमा ओलांडली की पेडगाव. 11 मार्च 1689 ला त्यांची हत्या झाली, आणि त्यांची समाधी वढू बुद्रुकला आहे, पुन्हा शिरूर तालुक्यात. चिटणीसांच्या बखरीपासून गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’पर्यंत संभाजीराजांचे चित्र बेफाम, व्यसनी असेच रंगवले गेले होते. ते पुसण्याचे कष्टाचे काम वा. सी. बेंद्रे यांनी 1960 च्या चरित्रात आणि कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’त कागदपत्रांच्या आधारे केले. पण सामान्य वाचकाच्या मनातला संभाजी बदलला तो प्रामुख्याने ‘छावा’ने. इतके बळ मराठीत फार थोड्या कादंबऱ्यांच्या अंगी आले असेल.

म्हणूनच इथे वाचकाने अधिक सावध राहायला हवे. मस्तानीविषयीची अस्सल कागदपत्रे फारच तुटपुंजी आहेत. ‘राऊ’मधले तिचे आणि बाजीरावाचे एकांतातले बोलणे इनामदारांनी रचलेले आहे, आणि कादंबरीकार म्हणून तो त्यांचा हक्कच. ‘राऊ’वरून 2015 मध्ये आणि ‘छावा’वरून 2025 मध्ये हिंदी चित्रपट निघाले, तेव्हा कादंबरीतले कल्पित पडद्यावर गेले आणि तिथून थेट इतिहास म्हणून बोलले जाऊ लागले. पाबळला किंवा वढूला हात जोडायला येणाऱ्याने कादंबरी वाचलेली असावी, हे उत्तम. तिथे उभे राहून त्याने कादंबरीतला प्रसंग पुरावा म्हणून सांगावा, हे मात्र चूक. ‘खरंच असं घडलं का?’ हा प्रश्न इथे भाबडेपणाचा नाही, विवेकाचा आहे. फक्त त्याचे उत्तर शोधायला बेंद्रे-गोखल्यांपर्यंत जावे लागते.

याच्या उलट अनुभव अलीकडच्या कादंबऱ्यांचा येतो. पानशेत-वरसगाव धरणांसाठी उठवलेल्या मावळातल्या माणसांना दौंड तालुक्यात, कालव्याखालच्या पट्ट्यात जमिनी दिल्या गेल्या. डोंगरातले घर पाण्याखाली गेलेला माणूस भीमेकाठच्या सपाटीवर नव्याने मांडामांड करत राहिला. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ धरणग्रस्तांवरच आहे. तिला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला तोच पुरस्कार 2023 मध्ये मिळाला. तिच्यात उठलेल्या गावाची माणसे मागे राहिलेल्या म्हशीला आणायला परत जातात. या कादंबऱ्यांतली गावे आणि माणसे कल्पित असली, तरी दौंडच्या पुनर्वसित वस्तीतला वाचक त्या खऱ्या की खोट्या हे दोन पानांत सांगू शकतो. त्याच्या तोंडचे ‘हो, असंच झालं’ हे कोणत्याही परीक्षणाच्या तोडीचे आहे.

हा अभिप्राय मराठी साहित्याच्या इतिहासात नाही. वि. का. राजवाड्यांचा ‘कादंबरी’ हा निबंध 1902 मधला. तेव्हापासून अभ्यासकांची मते ग्रंथबद्ध होत आली, वाचकाची हवेत विरली. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले, अ ते ड असे वर्ग ठरले, देवघेवीच्या नोंदी नीट होऊ लागल्या. कोणते पुस्तक कितीदा बाहेर गेले ते त्या नोंदींतून कळते. ते कसे वाटले हे कळत नाही.

शिरूर-दौंडमधल्या ग्रंथालयांनी देवघेवीच्या टेबलावर एक साधी वही ठेवावी आणि पुस्तक परत करणाऱ्याला दोन ओळी लिहायला सांगाव्यात. पाबळच्या वाचकाने ‘राऊ’वर, वढूच्या वाचकाने ‘छावा’वर, केडगावच्या वाचकाने आपट्यांवर आणि दौंडच्या धरणग्रस्त घरातल्या वाचकाने ‘रिंगाण’वर लिहावे. सुरुवात याच आठवड्यात, हाती असलेल्या कादंबरीपासून करावी.