सिगारेटवाल्यांनी ‘टेन्शन’ला कामाला लावलं तेव्हा

टपरीवर कुणालाही “सोड रे ती सिगारेट” म्हणून बघा. उत्तर ठरलेलं: “टेन्शन किती आहे माहितीये का? ही नाही ओढली तर अटॅकच यायचा!” हा युक्तिवाद आपल्याला अगदी घरचा वाटतो. पण तो जगभर पसरावा म्हणून तंबाखू कंपन्यांनी पैसा ओतलाय, आणि त्याचे कागद आज उपलब्ध आहेत.

हान्स सेल्ये हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. जन्म व्हिएन्नाचा, १९०७चा. काम कॅनडात, माँट्रियलला. आज आपण ‘स्ट्रेस’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, तो रुजवण्यात या माणसाचा वाटा फार मोठा. १९३६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांचं छोटंसं टिपण छापलं. थंडी असो, जखम असो की विषारी औषध, शरीराची प्रतिक्रिया बरीचशी सारखीच असते, असं त्यांचं म्हणणं. संशोधक म्हणून माणूस मोठाच, त्यात वाद नाही.

११ जानेवारी १९६४ला अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. पुरुषांमधल्या फुप्फुसाच्या कर्करोगाला धूम्रपान कारणीभूत आहे, असं त्यात स्पष्ट होतं. हृदयाबद्दल मात्र अहवाल जपून बोलला. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू जास्त दिसतात, पण कारण सिद्ध झालं असं त्याने म्हटलं नाही. कंपन्यांना एवढी फट पुरली. हृदय बिघडतं ते ताणाने, सिगारेट तर उलट ताण हलका करते, असं सांगणारा वजनदार माणूस त्यांना हवाच होता.

१९६९ साली सेल्ये कॅनडाच्या संसदेच्या आरोग्य समितीपुढे उभे राहिले आणि सिगारेटच्या जाहिरातींवरच्या निर्बंधांविरुद्ध बोलले. त्याच सुमारास त्यांच्या संशोधनासाठी अमेरिकी तंबाखू उद्योगाच्या संशोधन मंडळाने वर्षाला ५० हजार डॉलर, तीन वर्षांसाठी, मंजूर केले. तेवढीच भर कॅनडाच्या कंपन्यांनी घातली. आपण या उद्योगाचे सल्लागार आहोत हे सेल्येंनी जाहीर केलं नाही. १९९८च्या अमेरिकेतल्या समझोत्यानंतर कंपन्यांचे लाखो अंतर्गत कागद खुले झाले, तेव्हा हे सगळं तपशिलात बाहेर आलं. सतत घाईत, चिडखोर असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो, या ‘टाइप ए’ सिद्धांतावरच्या संशोधनातही याच उद्योगाचा पैसा सापडला.

ताण खोटा आहे असं नाही. सततच्या ताणाने रक्तदाब वाढतो, झोप उडते, हृदयावर भार येतोच. पण त्यावर उपाय म्हणून ओढलेली सिगारेट काय करते? निकोटिनने अॅड्रेनॅलिन वाढतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. म्हणजे ताणात शरीर जे करतं तेच, वर आणखी थोडं! आणि झुरका मारल्यावर जे ‘बरं वाटतं’ ना, ती बहुतेक आधीच्या सिगारेटने लावलेली तलफ भागलेली असते. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो.

सेल्ये १९८२ साली गेले. कॅनडात जाहिरातबंदीचा कायदा यायला १९८८ उजाडलं. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९९५ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्यातली महत्त्वाची कलमं रद्द केली. आपल्याकडे २००३चा कायदा आहे. तरी क्रिकेटची मॅच लावा आणि तंबाखूच्याच नावाने विकल्या जाणाऱ्या वेलचीच्या किती जाहिराती येतात, ते मोजा.