नवी पिकअप घेताना भाव कसा ठरवावा: कोटेशनपासून डिलिव्हरीपर्यंत

कांदा घोडेगाव किंवा नेप्तीच्या बाजारात, टोमॅटो संगमनेर-नारायणगावला, डाळिंब राहात्याला, फुले पुण्याला. माल कोणताही असो, ऐन काढणीत भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही आणि मिळाली तर भाडे वाढलेले असते. त्यामुळे अनेक शेतकरी स्वतःची पिकअप घेण्याच्या विचारात असतात. बियाणे किंवा खत घेताना दहा ठिकाणी चौकशी करणारा शेतकरी शोरूममध्ये गेल्यावर मात्र एकच प्रश्न विचारतो, ‘हप्ता किती बसेल?’ या प्रश्नाने सौदा विक्रेत्याच्या हातात जातो. हप्ता कमी करायला त्याला फक्त मुदत वाढवावी लागते, गाडीची किंमत आहे तिथेच राहते.

नवी गाडी घेताना एक नव्हे, चार सौदे होतात: गाडीची किंमत, विमा, कर्ज आणि जुनी गाडी असल्यास तिची किंमत. हे चारही वेगवेगळे बोलावेत. एकात दिलेली सूट दुसऱ्यात वसूल झाली की नाही हे त्याशिवाय कळत नाही.

गाडी लागते का आणि किती टनाची

भाव करताना खरी ताकद ‘आज नाही घेतली तरी चालेल’ असे म्हणता येण्यात असते. म्हणून आधी घरी हिशेब करावा. समजा हप्ता, विमा आणि फिटनेस धरून वर्षाला अडीच लाख रुपये पक्का खर्च आहे. भाड्याच्या एका खेपेला ३,००० रुपये लागतात आणि स्वतःच्या गाडीने त्याच खेपेला डिझेल व चालकापोटी १,८०० रुपये जातात. म्हणजे एका खेपेमागे १,२०० रुपये वाचतात. अडीच लाख भरून निघायला वर्षात सुमारे २०८ खेपा व्हाव्या लागतील. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाडे व अंतर घालून पुन्हा करा. केवळ स्वतःच्या तीन-चार एकर कांद्यावर २०० खेपा होत नाहीत. शेजाऱ्यांचा माल, दूध किंवा खताची वाहतूक मिळणार असेल तरच गणित बसते.

टनाचा हिशेबही आधीच करावा. ५० किलोच्या ३० गोण्या म्हणजे दीड टन. फुले, पालेभाज्या, कडबा यांना वजनापेक्षा हौद्याची लांबी महत्त्वाची. चंदनापुरी किंवा करंजी घाटातून भरलेली गाडी रोज न्यायची असेल तर सर्वांत लहान मॉडेलवर समाधान मानू नये. माहितीपत्रकात गाडीचे भरलेले एकूण वजन पाहा. मोटार वाहन कायद्यानुसार ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यावरच्या गाडीला लागते. जादा माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. लहान गाडी स्वस्तात घेऊन त्यात जास्त भरू, हा विचार महागात पडतो.

कोटेशन लेखी आणि कलमवार

किमान तीन विक्रेत्यांकडून एकाच मॉडेलचे, एकाच प्रकारचे कोटेशन घ्यावे. त्यातला एक जिल्ह्याबाहेरचा असावा. कोपरगाव-संगमनेरकरांना नाशिक, पारनेर-श्रीगोंद्याला शिरूर किंवा पुणे, नेवासा-शेवगावला छत्रपती संभाजीनगर सोयीचे पडते. राज्य एकच असल्याने कर बदलत नाही आणि एमएच-१६ किंवा एमएच-१७ ची नोंदणीही होते. शिवाय दुसऱ्या कंपनीच्या त्याच टनाच्या गाडीचे एक कोटेशन खिशात ठेवावे. बोलेरो पिकअप हवी असली तरी योद्धा, इंट्रा किंवा दोस्तचे कोटेशन हातात असले की बोलणे बदलते.

विक्रेत्याला एवढेच सांगा: ‘साहेब, ऑन-रोड एकूण किती आणि त्यात काय काय आहे ते लेटरहेडवर लिहून द्या, मग बोलू.’ तोंडी सुटीला अर्थ नाही. कोटेशन आले की त्यातली प्रत्येक ओळ वाचावी.

एक्स-शोरूम किंमत: मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी १० लाखांची असलेली गाडी, कंपनीने मूळ किंमत बदलली नसेल तर, ९ लाख २२ हजारांच्या आसपास यायला हवी. जुन्या किमतीशी तुलना करून ‘७५ हजार सूट’ दाखवली जात असेल तर ती सूट विक्रेत्याची नाही, कराची आहे. त्याची सूट आजच्या किमतीपासून मोजा.

मोटार वाहन कर: राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांवर किमतीच्या ७ टक्के कराची तरतूद करण्यात आली. ९ लाखांच्या गाडीवर हे ६३,००० रुपये होतात. या रकमेत घासाघीस नाही, पण ‘आरटीओ खर्च’ म्हणून ठोक आकडा लावला असेल तर कर, नोंदणी फी आणि नंबर प्लेट वेगळे करून मागा. वाहन पोर्टलची पावती तुमच्या नावाने निघते. पावतीपेक्षा जास्त घेतलेले पैसे कशाचे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हँडलिंग, लॉजिस्टिक, फाइल चार्ज: या ओळी सरळ काढायला सांगा. गाडी शोरूमपर्यंत आणणे हा विक्रेत्याच्या धंद्याचा भाग आहे.

टीसीएस: किंमत १० लाखांवर असल्यास १ टक्का कापला जातो. हा खर्च नव्हे. आयकर विवरणपत्र भरून तो कर वळता करता येतो किंवा परत मिळतो. पॅन क्रमांक बरोबर लिहिला आहे ना, पाहा.

अॅक्सेसरीज: सीट कव्हर, मॅट, टेप, कोटिंग ‘फुकट’ देऊ केले तर त्याऐवजी बिलात रोख सूट मागा. पंधरा हजारांचे म्हणून दिलेले साहित्य बाहेर बहुधा कमी पैशांत मिळते. ताडपत्री, हौद्याच्या जाळ्या, कमानपाट्यांचे काम गावाजवळच्या कारागिराकडे करून घेणे बरे. सूट बिलात दिसली पाहिजे. ‘नंतर खात्यावर टाकतो’ हे मान्य करू नये.

कधी जावे

महिनाअखेर आणि तिमाहीअखेर, विशेषतः मार्च व डिसेंबर, विक्रेत्यांना कंपनीने दिलेली संख्या गाठायची असते. आपल्याकडे आणखी एक वेळ आहे, तिचा फायदा फारसा कोणी घेत नाही: पितृपंधरवडा. त्या पंधरा दिवसांत गाडी घरी आणायला कोणी तयार नसते, शोरूम रिकामी असते आणि मॅनेजरला बोलायला वेळ असतो. तेव्हा सौदा ठरवावा आणि गाडी घटस्थापनेनंतर किंवा दसऱ्याला घ्यावी. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी रांगेत उभे राहून भाव होत नाही. फक्त बुकिंगच्या पावतीवर ठरलेली एकूण किंमत, मॉडेल, रंग आणि डिलिव्हरीची तारीख लिहून घ्या. नाहीतर डिलिव्हरीच्या दिवशीचा वाढीव भाव लागू होईल.

डिसेंबरमधली सूट मोठी दिसते, कारण आठ दिवसांनी ती गाडी ‘मागच्या वर्षाची’ होते. नोंदणी प्रमाणपत्रावर निर्मितीचा महिना व वर्ष छापलेले असते आणि विकताना व्यापारी तेच पाहतो. गाडी आठ-दहा वर्षे वापरायची असेल तर अशी गाडी जरूर घ्या. चार वर्षांत बदलायची असेल तर पुढे कमी मिळणारे पैसे आजच भावातून वजा करून घ्या.

गावातील तीन-चार जणांना किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला एकाच हंगामात गाड्या लागत असतील तर एकत्र जावे. एका गाडीला जे ‘शक्य नाही’ असते, त्यातले पुष्कळसे चार गाड्यांना शक्य होते.

विमा: बाहेरचा भाव आणा

विमा शोरूममधूनच घ्यावा असे कायद्याने बंधन नाही. तृतीय पक्ष विम्याचा दर सरकार ठरवते, त्यामुळे तो सर्वत्र सारखा. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंतच्या भाड्याने चालणाऱ्या मालवाहू गाडीला तो १६,०४९ रुपये आणि फक्त स्वतःचा माल नेणाऱ्या खासगी गाडीला ८,५१० रुपये आहे. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तिथे कंपन्या वेगवेगळी सूट देतात. दोन एजंटांकडून, गाडीची घोषित किंमत सारखीच धरून, भाव आणा आणि तो कागद शोरूममध्ये दाखवा. बऱ्याचदा तिथेच विमा काही हजारांनी उतरतो. जुनी मालवाहू गाडी विकली असेल आणि तिच्यावर नो क्लेम बोनस असेल तर त्याचे प्रमाणपत्र घेऊन नव्या गाडीला लावा. ते तीन वर्षे चालते.

आठ हजार वाचतात म्हणून गाडी ‘खासगी’ नोंदवून शेजाऱ्याचा कांदा भाड्याने नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच तपासते आणि भरपाई तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते. गोण्यांवर बसवून मजूर नेण्याचेही तसेच. भरणी-उतरणीच्या माणसांचे संरक्षण वेगळे विचारून पॉलिसीत घालून घ्या.

कर्ज: सगळ्यात मोठी सूट इथे

८ लाखांचे कर्ज, ५ वर्षे, ‘फक्त ७ टक्के’. विक्रेत्याच्या टेबलावरचा हा दर बहुधा फ्लॅट असतो. त्यात पहिल्या दिवशीच्या ८ लाखांवर पाचही वर्षे व्याज लागते: ५६,००० गुणिले ५, म्हणजे २ लाख ८० हजार. एकूण परतफेड १० लाख ८० हजार, हप्ता १८,०००. उरलेल्या मुद्दलावर मोजल्यास हा दर सुमारे साडेबारा टक्के होतो. बँकेने ‘१० टक्के, घटत्या शिलकेवर’ सांगितले तर ऐकायला ते महाग वाटते, पण हप्ता येतो सुमारे १७,००० आणि एकूण परतफेड १० लाख २० हजार. फरक ६० हजारांचा. शोरूममध्ये तासभर घासाघीस करून मिळालेली २० हजारांची सूट यापुढे काहीच नाही.

म्हणून शोरूमला जाण्याआधी आपले खाते असलेल्या बँकेत दर विचारून ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किरकोळ कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क वगैरे धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन संस्थांची तुलना त्याच एका आकड्यावर करा. मुदतीआधी फेडल्यास दंड किती, आणि कर्जासोबत जीवन विमा गुपचूप जोडला आहे का, हेही त्यातच पाहा. मराठा समाजातील तरुणांनी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या व्याज परताव्याची चौकशी कर्ज मंजूर होण्याआधी करावी. पात्रता प्रमाणपत्र आधी काढावे लागते आणि कोणत्या संस्थेचे कर्ज चालते हेही आधीच ठरते.

हप्ता दरमहा येतो, शेतीचा पैसा दरमहा येत नाही. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता. ८ डिसेंबरला केंद्राने कांदा निर्यात बंद केली आणि ती ४ मे २०२४ ला उठली. त्या दसऱ्याला कांद्याच्या भरवशावर गाडी घेतलेल्यांचे सुरुवातीचे बहुतेक हप्ते बंदीच्या काळात आले. त्यामुळे हप्ता कांद्याच्या चांगल्या वर्षावर नव्हे, तर दूध किंवा भाड्याच्या नियमित उत्पन्नावर बसवा. सुरुवातीला जास्त रक्कम भरून हप्ता लहान ठेवणे चांगले. तिमाही किंवा सहामाही हप्ता मिळतो का, हे विचारायला संकोच करू नका, ट्रॅक्टरला काही संस्था तो देतात.

जुनी गाडी

नव्या गाडीचा भाव लेखी ठरेपर्यंत जुन्या गाडीचा विषय काढू नये. तिची किंमत बाहेर दोन ठिकाणी विचारून ठेवा. शोरूमची किंमत अधिक कंपनीचा एक्सचेंज बोनस बाहेरच्या भावापेक्षा जास्त असेल तरच तिथे द्या. गाडी कोणालाही दिली तरी आरटीओत नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा.

पैसे भरताना आणि गाडी घेताना

पैसे विक्रेत्याच्या कंपनीच्या खात्यावरच भरा, विक्री प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यावर नको. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. शेवटची रक्कम देण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी गाडी दिवसाउजेडी पाहा. चासी व इंजिन क्रमांक कागदाशी जुळवा. टायरवरच्या चार अंकांत आठवडा व वर्ष असते, पाचही टायर पाहा. किलोमीटर, बॅटरी, हौद्याचे जोड, रंगाचे डाग तपासा. नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मिळणे जवळजवळ अशक्य असते.

मोटारीचा साधा परवाना असलेल्यांनी वेगळ्या शेऱ्याची काळजी करू नये. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी तो पुरेसा असल्याचे स्पष्ट केले आहे. फिटनेस नव्या गाडीला दोन वर्षे असतो, ती तारीख लिहून ठेवा. विमा किंवा अॅक्सेसरीज घेतल्याशिवाय गाडी देत नाही असे कोणी म्हटले तर ते लेखी मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कर, विमा, बिल आणि कर्जाच्या प्रत्येक कागदाची प्रत, दोन्ही किल्ल्या आणि सर्व्हिस पुस्तिका हातात आल्यावरच डिलिव्हरीच्या कागदावर सही करा.