‘काम थांबवा’ असे म्हणायचे कोणी?

इमारत किंवा पूल कोसळला की आपण लगेच सिमेंटला, लोखंडाला किंवा कंत्राटदाराच्या लबाडीला दोष देतो. पुष्कळदा तो खराही असतो. पण बांधकामाच्या इतिहासात अशीही एक दुर्घटना आहे, जिथे पोलाद चांगले होते, कारागिरी चांगली होती आणि धोका आधी दिसलाही होता. तरी ७५ माणसे गेली. ही हकिकत कॅनडातील क्वेबेकच्या पुलाची.

सेंट लॉरेन्स नदीवर रेल्वेपूल बांधायचे काम क्वेबेक ब्रिज कंपनीने हाती घेतले. कंपनीकडे पैसा तुटपुंजा. मुख्य अभियंता एडवर्ड होर यांना इतक्या मोठ्या पुलाचा अनुभव नव्हता. म्हणून न्यूयॉर्कचे नामवंत अभियंता थिओडोर कूपर यांना सल्लागार नेमले. पोलादी काम अमेरिकेतील फिनिक्स ब्रिज कंपनीकडे गेले. १९०० मध्ये कूपर यांनी मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट केला. गाळा वाढला की पुलाचे स्वतःचे वजनही वाढते. पण तो हिशेब वेळीच नव्याने झाला नाही. १९०६ मध्ये ही गफलत ध्यानात आली, तेव्हा बरेच पोलाद तयार होते आणि काही भाग उभाही राहिला होता. ताण थोडा जास्त येईल, पण चालेल, असे कूपर यांनी ठरवले.

त्यांचा शब्द तपासून पाहणारे कोणीच नव्हते. आराखडे सरकारी अभियंत्याने तपासावेत ही सूचना त्यांच्याच हरकतीमुळे बारगळली होती. आणि पोलादी सांगाडा उभा राहत असताना ते स्वतः एकदाही तिकडे फिरकले नाहीत.

ऑगस्ट १९०७ मध्ये दाब पेलणाऱ्या खालच्या तुळया वाकू लागल्या. एका तुळईचा वाक थोड्याच दिवसांत पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. फिनिक्सचे लोक म्हणाले, हा वाक आधीपासूनचाच आहे. होर यांना काळजी वेगळीच. काम थांबले तर मजूर निघून जातील आणि हंगाम वाया जाईल. अखेर कूपर यांचे तरुण सहायक नॉर्मन मॅक्लूर २९ ऑगस्टला न्यूयॉर्कला पोचले. पुलावर आणखी भार घालू नका, अशी तार कूपर यांनी तातडीने केली. पण ती गेली फिनिक्सच्या कचेरीत, क्वेबेकला नव्हे. कचेरीने निर्णय दुसऱ्या दिवसावर टाकला. संध्याकाळी ५ वाजून ३७ मिनिटांनी पूल कोसळला. मृतांत तीसहून अधिक कामगार मोहॉक या मूलनिवासी जमातीचे होते.

चौकशी आयोगाने कूपर आणि फिनिक्सचे आराखडाकार यांच्यावर मुख्य ठपका ठेवला. अनुभवी मुख्य अभियंता न नेमणे ही कंपनीची चूक होती, असेही नोंदवले. त्याच जागी नवा पूल १९१७ मध्ये पुरा झाला. त्याआधी १९१६ मध्ये मधला भाग चढवताना पडून आणखी १३ जण दगावले.

मालक एका गावी, कंत्राटदार दुसऱ्या, सल्लागार तिसऱ्या. ज्याला वाक दिसत होता त्याला अधिकार नव्हता आणि ज्याला अधिकार होता तो दूर होता. आजही एका बांधकामावर बिल्डर, सल्लागार, कंत्राटदार, पोटकंत्राटदार अशी साखळी असते. फलकावर त्या सर्वांची नावे रंगवलेली असतात. प्रत्यक्ष जागेवर काम थांबवण्याचा अधिकार यांतल्या कोणाला आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवलेले बरे.