खाजनाचा बांध कुणाच्या नावावर?

गोव्यात मांडवी आणि झुआरीच्या काठची पुष्कळशी भातशेती भरतीच्या वेळी नदीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर असते. ही खाजनं. खारं पाणी आणि भात यांच्यामध्ये असतो एक बांध: चिकणमाती, पेंढा आणि चिरे. त्या बांधाला जागोजागी मानस असते. मानस म्हणजे चिऱ्यांच्या खांबांमध्ये बसवलेली लाकडी दारं. ती उघडायला-मिटायला माणूस लागत नाही. भरती चढू लागली की नदीचं पाणीच दारं रेटून चौकटीवर घट्ट बसवतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तीच दारं बाहेर ढकलून वाट काढतं. पहिल्या पावसांत शेतातलं मीठ धुऊन जातं ते याच वाटेने. वरचा थर गोडा झाला की त्यात उंच वाढणारं, खारेपणा सोसणारं कोरगुट भात पेरायचं. खाजनाबद्दल लिहिणारे बहुधा इथेच, पूर्वजांच्या या कसबाचं कौतुक करून थांबतात. मला ते कौतुक अपुरं वाटतं. दार आपोआप मिटतं हे खरं. पण दाराचं लाकूड कुजतं, खेकडे बांध पोखरतात आणि पावसाळ्याआधी बांधावर नवी माती चढवण्याचं काम काही भरती-ओहोटी करून देत नाही. खाजनं टिकली ती दरवर्षी हे काम कुणीतरी वेळेवर करत होतं म्हणून. खाजनाचा इतिहास म्हणजे या ‘कुणीतरी’चा इतिहास.

ते कुणीतरी म्हणजे गावकरी. एरवी मराठीत गावकरी म्हणजे गावातले लोक. गोव्यात गावकरी ही संस्था आहे, गावच्या मूळ घराण्यांची, आणि तिचे भागीदार ते गावकर. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा ही व्यवस्था जुनी, रुळलेली होती. १५२६ साली आफोन्सो मेशिया या महसुली अधिकाऱ्याने तिचे रीतिरिवाज ‘फोराल’ नावाच्या सनदेत लिहून काढले. चार माणसं ओसाड बेटावर आली, त्यांनी ते लागवडीला आणलं आणि त्यांचे वंशज गावकर झाले, अशी हकिकत तीत आहे. दंतकथाच असणार, पण ती हक्क कशावर उभा करते ते पाहण्यासारखं आहे. जमीन जिंकली म्हणून हक्क नाही, पिकती केली म्हणून. पोर्तुगीजांनी या संस्थेला कोमुनिदाद म्हटलं आणि चालू ठेवलं, कारण सारा गावाकडून एकगठ्ठा मिळत होता. खाजनाचे तुकडे ठरावीक वर्षांसाठी लिलावाने कसायला दिले जात. आलेल्या खंडातून सारा, बांध आणि मानशीची डागडुजी, देवळाचा (आणि धर्मांतरानंतर चर्चचा) खर्च भागवायचा, आणि मग जे उरेल ते गावकरांत माणशी वाटायचं. या वाट्याला जण म्हणत. सगळी गोम या क्रमात आहे. बांध फुटला तर खंड बुडणार, आणि खंड बुडाला तर जण नाही. गावकराला बांधाची काळजी होती ती सद्गुणामुळे नव्हे. हिशेबाच्या वहीत बांध त्याच्या आधी लिहिलेला होता म्हणून.

१९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपली आणि त्यानंतर हा क्रम मोडला. १९६४ चा कूळ कायदा आला, कुळांना संरक्षण मिळालं आणि खंडावर मर्यादा आली. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळच कसत्या जमिनीचं मालक झालं. तुकडा कुळाचा झाला, पण बांध एका तुकड्यापुरता नसतो. तो एके ठिकाणी फुटला तरी खारं पाणी सगळ्या खाजनात पसरतं, आणि ज्याचं शेत बांधापासून सर्वात लांब त्याचंही पीक जातं. हे कायदा करणाऱ्यांना कळलं नव्हतं असं नाही. १९७५ च्या नियमांनी कुळांचे संघ केले, आणि त्या नियमांचं नावच मुळी कुळांची ‘सामायिक जबाबदारी’ पार पाडण्याबद्दल आहे. पण जबाबदारी सामायिक ठेवून हक्क तेवढा तुकड्या-तुकड्याने वाटला गेला. हिशेबाचा जुना धागा तुटला तो इथे.

यावर पहिला आक्षेप येतो तो न्यायाचा, आणि तो हलका नाही. गावकरी ही काही गावाची लोकशाही नव्हती. जण मिळे तो गावकर घराण्यांतल्या पुरुषांना. मुंबईत किंवा आफ्रिकेत नोकरी करणारा गावकरही तो घेत असे, आणि गुडघाभर चिखलात उतरून बांधावर माती टाकणाऱ्याला मजुरीपलीकडे काही नसे. लावणी-कापणी करणाऱ्या बायकांचं तर कुठल्याच वहीत नाव नाही. कुळांचं दुखणं खारपट्ट्यात किती खोल असू शकतं हे अलिबागजवळच्या चरी गावाने दाखवलं: खोतांविरुद्ध तिथल्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली. तेव्हा कुळाला जमीन मिळाली हे चुकलं असं म्हणण्याची माझी अजिबात तयारी नाही. माझं म्हणणं एवढंच की अन्यायी संस्थाही काही काम करत असते, आणि ती मोडताना त्या कामाला वारस नेमावा लागतो. मुंबई राज्याने १९४८ साली खारभूमीचा कायदा करून बांधांसाठी मंडळ नेमलं, म्हणजे वारस सरकार. तोही उपाय निर्दोष नाही. सरकारी माणूस बांध फुटल्यावर येतो, खेकड्याचं भोक पडल्यावर नाही.

दुसरा आक्षेप असा की पुढे अनेक खाजनं बुडाली ती इतर कारणांनी. खनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी मांडवीकाठचे बांध झिजवले, खाणींचा गाळ नद्यांत उतरला. मजूर मिळेना, रेशनवर तांदूळ मिळू लागला, आणि कोरगुटाची जागा जयासारख्या सुधारित वाणांनी घेतली. ही कारणं खरी आहेत. कोमुनिदादही तोवर पोकळ झाली होती हेही खरं. सरकारी देखरेखीखाली तिचा कारभार पुष्कळसा कागदी उरला होता. पण बार्जच्या लाटेने बांध झिजला तर बार्जवाल्याच्या दारात जाऊन भांडायला, खर्च मागायला संपूर्ण खाजनाच्या वतीने बोलणारं कुणीतरी लागतं. स्वतःच्या तुकड्याचा उतारा हातात घेऊन गेलेला एकटा शेतकरी बांधाबद्दल काय बोलणार?

माझ्या म्हणण्याला पुरावा हवा असेल तर मानशीवरची मासेमारी पाहावी. ओहोटीच्या पाण्याबरोबर कोळंबी, काळुंद्र, शेवटे मानशीच्या तोंडाशी येतात आणि तिथे लावलेल्या जाळ्यात पडतात. हा मासेमारीचा हक्क पूर्वीही लिलावाने जाई, आजही जातो. फरक पडला तो दोन उत्पन्नांच्या वजनात. मासळीचा भाव चढत गेला आणि भाताचा राहिला तिथेच. लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी जास्त आत यायला हवं असतं, कारण जितकं पाणी आत तितकी मासळी बाहेर. भात लावणाऱ्याला ते नको असतं. पूर्वी दोन्ही पैसे एकाच पेटीत पडत, म्हणून पेटी सांभाळणाऱ्याला पाण्याची पातळी सांभाळावी लागे. आता लिलावाचा पैसा संघाकडे, भात मात्र ज्याचं त्याचं. मत्स्यशेतीसाठी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी गोव्यात नव्या नाहीत. त्या निव्वळ लोभाच्या गोष्टी म्हणून वाचल्या तर अर्ध्याच कळतात.

आणि एकदा फुटलेला बांध परत बांधणंही दिवसेंदिवस कठीण होत चाललं आहे. खारं पाणी आत राहिलं की थोड्याच वर्षांत खाजनात खारफुटी उगवते. बांधाच्या बाहेर तीच खारफुटी लाटा अडवते, म्हणून जुने लोक ती राखत. आत आली की शेत गेलं. १९९१ च्या किनारा नियमनापासून खारफुटीला संरक्षण आहे, ते असायलाही हवं, आणि २०११ च्या अधिसूचनेत गोव्याची खाजनं जपण्याचंही वेगळं कलम आहे. दोन्ही गोष्टी एकाच जमिनीवर लागू होतात तेव्हा शेतकरी रोप तोडू शकत नाही आणि भात लावू शकत नाही. उताऱ्यावर मात्र भातशेतीच असते, कुळांची नावं जागच्या जागी असतात. मानशीचे चिऱ्यांचे खांब उभे असतात, दारं नसलेले, आणि त्यांच्यामधून दिवसातून दोनदा नदी आत येते आणि दोनदा बाहेर जाते.