भीमाकाठची सभा

पुण्याहून रोहित पक्षी बघायला म्हणून तुम्ही भिगवणजवळ होडीत बसता. पाय खाली टेकता, तर काळी माती. साल 1974. उजनी धरणाची भिंत पुरी व्हायला 1980 उजाडणार आहे. तुमची होडी होती तिथे ज्वारीची धसकटं आहेत आणि पलीकडे देवळापुढे सभा भरली आहे.

जीपमधून उतरलेले पुढारी माईककडे जात नाहीत. पारावरच्या म्हाताऱ्यांशेजारी मांडी घालून बसतात, चिमूटभर तंबाखू मागतात. भाषण खरं तर तिथेच सुरू झालंय. ‘मी शेतकऱ्याचा पोरगा’ हे आता वेगळं सांगायची गरज नाही. तरी सांगतात.

“मिलोची भाकरी आठवते का?”

न आठवून कसं चालेल! 1972चा दुष्काळ जेमतेम मागे पडलाय, खडी फोडून हाताला पडलेले घट्टे अजून तसेच आहेत. धरणाचा शब्दही न काढता पुढारी सुकडीच्या रांगेत उभं करतात, रिकामी दावण दाखवतात, मातीमोल विकलेल्या बैलजोडीची आठवण करून देतात. ऐकणाऱ्याचा घसा पुरता कोरडा पडला की मग पाण्याचं नाव. आधी दुखरी जागा, मग औषध. ही रीत जुनीच आहे. फक्त इथे दुखणं यांचं आणि कालव्याचं पाणी मुख्यतः सोलापूरच्या रानांना, हे त्या भरात कुणाच्या ध्यानात येत नाही.

मग भीमा. हीच पुढे पंढरीत चंद्रभागा होते, तुमचा त्याग विठोबा बघतोय! गळ्यात तुळशीमाळ असलेले एक आजोबा हात जोडतात. आता ‘नको’ म्हणायचं तर थेट देवालाच म्हणायचं. सगळ्या डावांत मला हाच निर्दय वाटतो.

“गाव उठेल, नवं वसेल, घराघरात वीज येईल!” तिसऱ्या तुकड्याला टाळ्या पडतात. कोण उठवणार, कोण वसवणार, याचा पत्ता नाही.

एक बाई पदर सावरत उभी राहते. “जिमिनीला जिमीन देऊ म्हंता, सायेब. कुठली? किती लांब?”

“माउलींनी लाखमोलाचा प्रश्न विचारला!” पुढारी स्वतःच टाळ्या वाजवतात, मागोमाग सभा. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 साली व्हायचाय. ते तुम्हाला ठाऊक, तिथे कुणालाच नाही.

टाळ्या थांबतात. बाई उभीच.

“मंग, कुठली?”

पुढारी घड्याळ बघतात. पुढच्या गावात सभा आहे.