पांढऱ्यावर काळं

आपल्याकडे 'लिहिणं' वेगळं आणि 'लिहून देणं' वेगळं. आमच्या परभणीकडची जुनी माणसं तोंडी हो म्हणायला कचरत नाहीत, पण कागद पुढे सरकवला की हात आखडतो. शहरातल्या लोकांना हा अडाणीपणा वाटतो. मला मात्र त्यामागे दीडशे वर्षांचा हिशोब दिसतो.

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. पुढे हे लोण नगर जिल्ह्यातही पोचलं. शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकलो ते हेच. पण लोकांना हवं काय होतं? मुख्यतः कर्जरोखे. जिथे सावकाराने कागद काढून दिले, तिथे मारहाणीची वेळ फारशी आली नाही. कागद जाळले आणि लोक पांगले.

कागदावर एवढा राग का? 1859 मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या रोख्यावर दावा लावायला 3 वर्षं. हेतू असा की जुनी कर्जं उकरून ऋणकोला छळू नये. झालं उलटंच! तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणे, नवा रोखा करून दे, नाहीतर दावा लावतो. मग मुद्दल अधिक व्याज हे नवं मुद्दल, आणि त्याखाली अंगठा. ज्याला वाचता येत नाही त्याने कशाखाली अंगठा उठवला हे त्याला कोण सांगणार?

1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने यावर तोड काढली. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोरच व्हावा, सावकाराने पैशाची पावती द्यावी, हिशोब द्यावा, आणि कोर्टाने नुसता रोखा न बघता मूळ व्यवहार काय होता ते तपासावं, अशा तरतुदी आल्या.

आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. इंग्रजी मुलखातला हा कायदा आमच्याकडे लागू नव्हता. नंतरच्या काळात कचेरीचा कागद उर्दूत, सावकाराची वही मोडीत, आणि कूळ निरक्षर. आता बोला!

तर सांगायचा मुद्दा असा, की हे सगळं संपलेलं नाही. गावाकडची मंडळी वसुलीची पत्रं घेऊन माझ्याकडे येतात. "भाऊ, एवढं लिहून दे ना, दिवाळीनंतर कापूस विकला की देतो म्हणून." बिचाऱ्याची नियत साफ असते. पण 1963 च्या मुदत कायद्याचं 18 वं कलम काय म्हणतं बघा. मुदत संपण्याआधी कर्ज मान्य असल्याचं लिहून खाली सही केली, की त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजायची. रक्कम लिहिली नसली तरी, आणि 'देणार नाही' असं लिहिलं तरीही! मुदत उलटून गेली असेल, तर 1872 च्या करार कायद्याचं 25 वं कलम आहेच. सहीनिशी 'देतो' असं लेखी वचन दिलं की मेलेलं कर्ज पुन्हा उठून बसतं.

म्हणून मी आधी विचारतो, पैसे कधी घेतले? शेवटचा हप्ता कधी? मग पत्रात एवढंच लिहितो, की तुमचं पत्र मिळालं, मूळ कागदाची नक्कल आणि हिशोबाचा पूर्ण उतारा पाठवा, या पत्राने कोणतीही रक्कम मान्य केली असं समजू नये. खोटं काही लिहायचं नाही. घेतले असताना घेतलेच नाहीत म्हणणं वाईट, आणि अंगलटही येतं. पत्राची नक्कल ठेवायची, पोस्टाची पोच जपायची, भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागायची. कोऱ्या कागदावर सही तर कधीच नाही. रक्कम मोठी असेल किंवा जमीन गुंतली असेल, तर आधी वकील गाठायचा. गहाणाच्या मुदती निराळ्या असतात.

सावकार विनापरवाना असेल, तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. अशा सावकारीत गेलेली जमीन, व्यवहार 15 वर्षांच्या आतला असेल तर, परत मिळवायची वाट त्यात आहे. बँकेचा वसुलीवाला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या परिपत्रकानुसार सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर त्याने वसुलीसाठी फोन करायचा नाही.

घेतलेलं कर्ज फेडावं, याबद्दल गावात कुणाचं दुमत नाही. माणसं त्यासाठीच दागिने मोडतात. पण किती घेतलं, किती फेडलं आणि किती उरलं, हे त्याला त्याच्या भाषेत कुणीतरी दाखवायला हवं. सुप्याच्या बाजारात 1875 साली जी वही कुणी वाचून दाखवली नाही, ती आधी मागून घ्यावी. सहीचं नंतर बघू.